स्वतः छापलेल्या पुस्तकांतून चांगला कथाकार कसा शोधावा : गावाकडच्या वाचकासाठी वाटाड्या

तालुक्याला साहित्य संमेलन भरलं किंवा जिल्ह्याला ग्रंथोत्सव झाला, की नावाजलेल्या प्रकाशनांच्या स्टॉलपासून थोडं बाजूला काही टेबलं लागलेली असतात. तिथे लेखक स्वतःच आपली कादंबरी, आपला कथासंग्रह घेऊन बसलेला असतो. कुणी शाळेत शिक्षक असतो, कुणी एसटीत वाहक, कुणी कोरडवाहू पाच एकरांचा मालक. पुस्तक त्याने पदरच्या पैशाने छापलेलं असतं. नवा वाचक तिथे गोंधळतो. प्रत्येक पुस्तकाला मोठ्या माणसाची प्रस्तावना असते आणि प्रत्येक लेखकाला चार पुरस्कार मिळालेले असतात. मग एखादं पुस्तक घेतलं जातं, ते रटाळ निघतं, आणि माणूस ठरवून टाकतो की स्वतः छापलेलं म्हणजे टाकाऊ. त्यात तोटा वाचकाचाच होतो, कारण आपल्याच शिवारावर जीव ओतून लिहिणारा लेखक वीस किलोमीटरवर राहत असतो आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या वाचनालयासाठी अशी पुस्तकं निवडत आले आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. मोठ्या प्रकाशनाकडे हस्तलिखित गेलं, तर कुणी ते वाचतं, कुणी कापतं, कुणी परत पाठवतं. स्वतः छापलेल्या पुस्तकाची ही चाळणी बहुतेक वेळा झालेली नसते. म्हणून ती आपल्याला करावी लागते. ती जमते, फक्त कुठे पाहायचं ते माहीत हवं.

१. सोबत काय लागेल

- एक साधी वही. लेखकाचं नाव, गाव, कुठे वाचला, कोणती गोष्ट आवडली, एवढं चार ओळींत लिहायचं. डोक्यात काही राहत नाही, आणि पुढच्या वर्षी तेच नाव दुसरीकडे दिसलं की ही वहीच कामी येते.
- जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व. अर्ज, आधार कार्डाची झेरॉक्स, फोटो, थोडी अनामत आणि मासिक वर्गणी, बहुतेक ठिकाणी एवढ्यात काम होतं.
- फोन आणि त्यात पुस्तकं उतरवून ठेवायला थोडी जागा. गावात रेंज येते-जाते, म्हणून तालुक्याला गेलात की उतरवून घ्या.
- वर्षाचा पुस्तकांचा ठरलेला आकडा, मग तो पाचशे रुपये का असेना. आकडा ठरलेला असला की भिडेपोटी खरेदी होत नाही. आपल्याकडे भीड फार. लेखक ओळखीचा निघतो, सोयरा निघतो, आणि पुस्तक न उघडताच पिशवीत जातं.

२. पुस्तक कोणी छापलं ते आधी पाहा

मुखपृष्ठ पाहू नका. बियाण्याच्या पिशवीवरच्या फोटोवरून उगवण कळत नाही. आतलं दुसरं-तिसरं पान उघडा, जिथे प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आवृत्ती आणि मूल्य दिलेलं असतं. प्रकाशक म्हणून लेखकाच्या पत्नीचं नाव आणि खाली लेखकाच्याच घरचा पत्ता असेल, तर पुस्तक घरचं आहे. यात कमीपणा काहीच नाही. मराठीत ही जुनी वहिवाट आहे.

दुसरा प्रकार ओळखायला जरा अवघड. प्रकाशनाचं नाव असतं, बोधचिन्ह असतं, पण छपाईचे पैसे लेखकाने दिलेले असतात आणि प्रती त्याच्याच घरी येऊन पडलेल्या असतात. असा प्रकाशक हस्तलिखित वाचेलच असं नाही. त्यामुळे प्रकाशनाचं नाव आहे एवढ्यावरून संपादन झालं असं धरू नका. त्याच पानावर ‘मुद्रितशोधन’ किंवा ‘संपादन’ म्हणून कुणाचं नाव आहे का ते बघा. असेल तर लेखकाने छापण्याआधी दुसऱ्याचे डोळे लावले होते.

लेखक समोर असेल तर ‘किती पैसे लागले’ हे विचारू नका. ‘छापायच्या आधी कोणी वाचून दिलं होतं का?’ असं विचारा. जो सांगतो की अमक्या सरांनी दोन प्रकरणं काढायला लावली, त्याचं पुस्तक मी आवर्जून उघडते.

आयएसबीएन क्रमांकाचं मोठं प्रस्थ केलं जातं, म्हणून तेही सांगते. हा तेरा अंकी क्रमांक असतो, भारतातला ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो, आणि आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. विक्रीसाठी आणि नोंदीसाठी पुस्तकाची ओळख पटावी एवढाच त्याचा उपयोग. ‘आयएसबीएन मान्यताप्राप्त’ असं कुणी सांगितलं, तर त्याचा लिखाणाच्या दर्जाशी संबंध जोडू नका.

एक ओळ मात्र दिसली की थांबा : महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. पहिलंच पुस्तक असलेल्या लेखकाला मंडळ या योजनेतून छपाईसाठी अनुदान देतं, आणि त्याआधी हस्तलिखित जाणकारांकडून वाचून घेतलं जातं. म्हणजे निदान एक चाळणी झालेली असते.

३. शोधायचं कुठे

संमेलनं आणि ग्रंथोत्सव. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयामार्फत जिल्ह्यात ग्रंथोत्सव होतो. तारीख वाचनालयाच्या ग्रंथपालाला कळते, त्याला विचारून ठेवा. अखिल भारतीय संमेलन आपल्या भागात २०१९ मध्ये यवतमाळला आणि २०२३ मध्ये वर्ध्याला झालं. तिथे गर्दी मोठी असते. पण नवा लेखक शोधायला मला तालुक्याची, बोलीची, शेतकऱ्यांची लहान संमेलनं जास्त उपयोगी वाटतात, कारण तिथे कथाकथनाचं सत्र असतं. लेखक स्वतः आपली गोष्ट वाचतो तेव्हा दहा मिनिटांत पुष्कळ कळतं. भाषणांना नाही बसलात तरी चालेल. कथाकथन सोडू नका.

दीक्षाभूमी. नागपुरात विजयादशमीच्या सुमारास, १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आठवणीत लाखो लोक येतात आणि पुस्तकांची दुकानं दूरवर लागतात. वैचारिक पुस्तकं जास्त असतात हे खरं, पण त्यांच्यातच आत्मकथनं, कथासंग्रह, कादंबऱ्या असतात. त्यांतली कितीतरी लेखकांनी स्वतः छापलेली असतात आणि ती दुसऱ्या कोणत्या दुकानात दिसत नाहीत. सकाळी लवकर पोचा, उन्हं चढली की धड उभं राहून वाचता येत नाही.

दिवाळी अंक आणि नियतकालिकं. माझा सगळ्यात जास्त भरवसा यांच्यावर आहे. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत नवा कथाकार बहुधा आधी अंकातून भेटतो आणि पुस्तकातून नंतर. अंकातली कथा संपादकाच्या हाताखालून गेलेली असते. बऱ्याच वाचनालयांत ठरावीक वर्गणी भरून सगळे दिवाळी अंक आळीपाळीने वाचायची योजना असते, ती घ्या. गाजलेली नावं ओलांडून पुढे जा आणि ज्या कथेखाली पुसद, मूल, मेहकर, अर्जुनी मोरगाव असा पत्ता आहे ती आधी वाचा. आवडली तर नाव वहीत लिहा. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे. त्याचं ‘युगवाणी’, शिवाय ‘अनुष्टुभ’, ‘मुक्त शब्द’ यांसारखी नियतकालिकं जिल्ह्याच्या वाचनालयात मिळतात का ते पाहा.

शासनाच्या पुरस्कारांची यादी. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत : पहिल्या कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा, पहिल्या कथासंग्रहाला ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा. यादी वर्तमानपत्रात आली की ते कात्रण वहीत चिकटवा.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. त्यांची नाटकं लिहिणारी मंडळी आपलं लिखाण समोर बसलेल्या हजार माणसांकडून रोज तपासून घेतात. त्यांतला कुणी गोष्ट लिहितो असं कळलं तर ती मिळवाच. त्याच्या संवादांना कान असतो.

४. उभ्या उभ्या पारख कशी करायची

पुस्तक हातात आलं, लेखक समोर बसलेला आहे, विकत घ्यायचं की नाही ते पाच-सात मिनिटांत ठरवायचं आहे. अशा वेळी मी हे करते.

प्रस्तावना, मनोगत, मलपृष्ठ सगळं ओलांडा. ज्येष्ठ साहित्यिकाने लिहिलेली पाठराखण ही बहुतेक वेळा प्रेमापोटी दिलेली असते. तिच्यावरून लेखकाचा स्वभाव चांगला आहे एवढं कळेल.

पहिलं पान वाचा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. पहिलं प्रकरण लेखकाने दहादा घासलेलं असतं, मित्रांना वाचून दाखवलेलं असतं. खरी परीक्षा मधे होते. दीडशे पानांचं पुस्तक असेल तर साठ-सत्तराव्या पानाच्या आसपास उघडा, जिथे दोन माणसं बोलताहेत असं पान शोधा आणि सलग तीन पानं वाचा.

तिथे काय पाहायचं? सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात का? म्हातारी आजी, कॉलेजातला पोट्टा आणि तलाठी यांची वाक्यं अदलाबदल केली तरी फरक पडत नसेल, तर लेखकाला माणसं अजून ऐकू आलेली नाहीत. संवादानंतर लेखक स्वतः उठून अर्थ समजावतो का? ‘तो काहीच बोलला नाही’ असं लिहून पुढच्या ओळीत ‘कारण त्याच्या मनात वेदनेचा डोंगर दाटला होता’ असं आलं की त्याला आपल्यावर विश्वास नाही, किंवा स्वतःच्या वाक्यावर नाही. उद्गारचिन्हं आणि टिंबांच्या रांगा पानभर आहेत का? पात्राचं नाव मधेच बदललंय का? हे खरंच घडतं. वीसाव्या पानावरचा शंकर नव्वदाव्या पानावर शामराव झालेला असतो. याचा अर्थ छापण्याआधी कुणी सलग वाचलंच नाही.

छपाईची चूक आणि लिहिण्याची चूक वेगळी करा. नवे वाचक इथे फार घाई करतात. रफार उडालेला, जोडाक्षर फुटलेलं, अवतरणचिन्हाच्या जागी भलतंच चिन्ह : हे सगळं बहुतेक वेळा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना होतं. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे हे रोजचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही खटकतात, पण त्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत. वाक्यच कोरडं असेल, माणूसच उभा राहत नसेल, तर शुद्धलेखन कितीही चोख असून उपयोग नाही. मी अशुद्ध छापलेलं जिवंत पुस्तक घेते आणि चकचकीत निर्जीव पुस्तक परत ठेवते. चुका इतक्या की वाचताच येत नाही असं असेल, तर लेखकाला सांगून पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची.

आपल्याला माहीत असलेली गोष्ट तपासा. गावातल्या वाचकाकडे हे एक बळ आहे, जे शहरातल्या समीक्षकाकडे नसतं. कादंबरी शेतीची असेल तर त्यातला हंगाम बघा. ऐन श्रावणात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची वेचणी चालली असेल, तर लेखकाने धुऱ्यावर उभं राहून पाहिलेलं नाही. १९९५ सालच्या गोष्टीत बीटी बियाण्याची थैली आली असेल तर तेही चूक, कारण बीटी कापसाला आपल्याकडे परवानगी मिळाली २००२ मध्ये. ऐंशीच्या दशकातला शेतकरी खाजगी व्यापाऱ्याला राजरोस कापूस विकताना दाखवला असेल तर विचारा, एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायची सक्ती, कुठे गेली? ती १९७२ पासून चालू होती, आणि कापूस चोरून सीमेपार नेणं हीच तर त्या काळातली खरी गोष्ट होती. असे तपशील ज्याने सांभाळले, त्याने बाकीचंही सांभाळलं असण्याची शक्यता वाढते.

आत्महत्येच्या कादंबऱ्यांबद्दल. विदर्भात स्वतः छापलेल्या कादंबऱ्यांत हा विषय फार आहे. तो असणारच, ते आपलं दुःख आहे. पण विषय मोठा म्हणून पुस्तक मोठं होत नाही. मी बघते की त्यात मेलेला शेतकरी मरायच्या आधी माणूस म्हणून जगला आहे का. त्याला कुणाचा राग येतो का, तो रात्री जागलीला गेल्यावर काय गुणगुणतो, कृषी केंद्राची उधारी आणि सोसायटीचं कर्ज यांत आधी कोणतं फेडायचं यावर नवरा-बायकोचं काय बोलणं होतं, रोह्यांनी (नीलगायींनी) तुरीचा तुकडा खाल्ला त्या सकाळी घरात चहा झाला का. हे सगळं असेल तर पुस्तक घ्या. नुसता फास, पाऊस आणि सरकारवरचं भाषण असेल तर ठेवून द्या, लेखकाची तळमळ कितीही खरी असली तरी.

शेवटचं पान वाचू नका, पण शेवटाच्या दहा पानं आधी डोकवा. तिथे सगळी पात्रं एकत्र येऊन भाषण करत असतील तर लेखकाला गोष्ट संपवता आली नाही हे कळून येतं.

५. बोलीत लिहिलेलं पुस्तक कसं पाहायचं

वऱ्हाडी किंवा झाडीबोली दिसली की आपला जीव हरखतो. तो हरखू द्या, पण तपासा. बोली सगळ्या पुस्तकभर एकसारखी आहे का? वऱ्हाडी माणसाचा डोळा ‘डोया’ असतो. झाडीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. एकच बाई दहाव्या पानावर ‘काहून’ म्हणते आणि बाराव्या पानावर काही कारण नसताना ‘का बरं’ म्हणते, तर लेखकाने बोली वरून शिंपडली आहे. कधीकधी मात्र असा बदल मुद्दाम असतो. तीच बाई तहसीलदारापुढे प्रमाण भाषा बोलायचा प्रयत्न करते, तेव्हा लेखकाने फार बारीक पाहिलेलं असतं. दोन्हींतला फरक पानावर कळतो.

दुसरं असं की बोली कुणाच्या तोंडी दिली आहे? फक्त गड्याच्या, मोलकरणीच्या आणि हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी असेल, आणि नायक-नायिका पुणेरी बोलत असतील, तर लेखकाला आपल्याच भाषेची लाज वाटते आहे. माझ्या मते आजच्या विदर्भातल्या सगळ्यात चांगल्या नव्या कथा त्या, ज्यांत सांगणाराच बोलीत सांगतो, दुःखही बोलीतच सांगतो. अशा पुस्तकांना मोठ्या शहरातला प्रकाशक मिळणं अवघड जातं, म्हणून ती लेखकाच्या खर्चाने निघतात. आपण ती शोधली नाहीत तर दुसरं कोण शोधणार?

६. फोनवरच्या कथा

पैसे न घालता सुरुवात करायची तर फोन बरा. २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘प्रतिलिपी’ हे व्यासपीठ आहे. तिथे कुणीही आपली कथा टाकू शकतो, त्यामुळे दर्जा अगदी वर-खाली असतो. तारे आणि वाचनसंख्या यांवर जाऊ नका. त्या आकड्यांत रोज एक भाग येणाऱ्या लांबलचक मालिका पुढे असतात आणि भाग वाढवण्यासाठी गोष्ट ताणलेली असते. पूर्ण झालेली छोटी कथा निवडा. आवडली तर त्याच लेखकाच्या आणखी दोन वाचा. तीनही जमल्या असतील तर नाव वहीत.

‘ई-साहित्य प्रतिष्ठान’ मराठी पुस्तकं फुकट उतरवायला देतं, त्यांत नव्या लेखकांची पुस्तकं बरीच आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही कितीतरी पुस्तकं मोफत आहेत. ‘बुकगंगा’ या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर पुष्कळ पुस्तकांची काही पानं विकत घेण्याआधी वाचता येतात. ॲमेझॉनच्या किंडलवर, म्हणजे फोनवर वाचायच्या ई-पुस्तकांत, सुरुवातीचा भाग नमुना म्हणून फुकट येतो. मात्र नमुन्यात सुरुवातच मिळते, मधलं पान मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

किंडलवर कुणीही स्वतः पुस्तक चढवू शकतो. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूरही तिथे येतो. सप्टेंबर २०२३ पासून ॲमेझॉनला तसं कळवणं लेखकावर बंधनकारक आहे, पण वाचकाला ते पुस्तकाच्या पानावर दिसत नाही. एकाच नावाने महिन्याभरात आठ-दहा कादंबऱ्या आलेल्या दिसल्या, गावाला नाव नाही, माणसाला आडनाव नाही, ऋतू कोणता ते कळत नाही, असं असेल तर पुढे जा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दल एक विनंती आहे. लेखकाच्या परवानगीने मोफत दिलेलं पुस्तक वेगळं आणि कुणीतरी स्कॅन करून सोडलेलं पुस्तक वेगळं. मोठ्या लेखकाला त्याचा जेवढा फटका बसतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त या लोकांना बसतो, ज्यांच्या तीनशेच प्रती आहेत आणि त्याही घरातल्या कपाटावर आहेत. अशी फाइल आली तर पुढे ढकलू नका.

७. कशाला भुलायचं नाही

*पुरस्कार.* काही पुरस्कार मानाचे असतात. काहींसाठी प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि पाठवणाऱ्या बहुतेकांना काही ना काही मिळतं. संस्था किती जुनी आहे, परीक्षक कोण होते, शुल्क होतं का, एवढं विचारलं की उलगडा होतो.

*आवृत्ती.* ‘तिसरी आवृत्ती’ हे वाचून दबून जाऊ नका. आता शंभर-शंभर प्रतीही छापता येतात. प्रती किती होत्या ते विचारा.

*विनापुस्तक कीर्ती.* फेसबुकवर रोज चमकणारा लेखक आणि पुस्तकात टिकणारा लेखक हे एकच असतील असं नाही.

८. एका लेखकावरून दुसऱ्यापर्यंत

चांगला एक मिळाला की पुढचं काम सोपं होतं. त्याच्या पुस्तकात ‘पूर्वप्रसिद्धी’ची नोंद शोधा, म्हणजे कोणती कथा कोणत्या अंकात आधी आली होती. ते अंक मिळवा. ज्या संपादकाने याची कथा घेतली, त्याने त्याच अंकात आणखी कोणाची घेतली ते पाहा. मग ऋणनिर्देश वाचा. तिथे ज्या मित्रांनी कच्चा खर्डा वाचला त्यांची नावं असतात, आणि त्यांतले निम्मे स्वतः लिहीत असतात.

लेखकालाच विचारा, ‘तुमच्या भागात तुमच्यापेक्षा चांगलं कोण लिहितं?’ हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. चांगला लेखक लगेच दोन नावं सांगतो, आणि ती बहुधा खरी निघतात. आर्णीच्या बाजारात भाजीचं दुकान लावणाऱ्या एका बाईंच्या कथांपर्यंत मी असाच माग काढत पोचले. त्यांचं पुस्तक कुठल्याही यादीत नव्हतं.

९. पुस्तक वाचनालयात आणा

सगळं आपल्या खिशातून कशाला? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातलं बहुधा ‘ड’ किंवा ‘क’ वर्गात असतं. त्यांना शासनाचं अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्च व्हायचा असतो. क्रम असा ठेवा :

- मागणी वहीत पुस्तकाचं नाव, लेखक, मूल्य आणि मिळण्याचा पत्ता लिहा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.
- पुस्तक का हवं याची दोन वाक्यं लिहा. आणखी दोन-तीन सभासदांच्या सह्या मिळाल्या तर कार्यकारी मंडळाला नाही म्हणणं जड जातं.
- पुस्तक शासनमान्य ग्रंथांच्या यादीत आहे का ते ग्रंथपालाला पाहायला सांगा. असेल तर खरेदी सोपी होते.
- वाचनालयाला हिशोबासाठी बिल लागतं. घरून पुस्तक विकणाऱ्या लेखकाला हे माहीत नसतं. कोणत्या नमुन्यात पावती चालेल ते ग्रंथपालाकडून आधीच विचारून लेखकाला कळवा.
- लेखक भेट म्हणून प्रत देतो म्हणाला तरी, जमत असेल तर विकतच घ्या. एवीतेवी तो प्रती वाटूनच थकलेला असतो.

पुस्तक आलं, दाखल क्रमांक पडला, की ते कपाटात शेवटी जाऊन बसतं. म्हणून पहिले दोन महिने ते टेबलावर, वर्तमानपत्रांशेजारी ठेवायला सांगा. आमच्याकडे एवढ्यानेच ते चारजण जास्त वाचतात.

१०. वाचून झाल्यावर लेखकाला कळवा

मोठ्या प्रकाशनाच्या लेखकाला संपादक असतो, समीक्षक असतात. स्वतः छापणाऱ्याला आपण असतो. पुस्तकात बहुधा मोबाइल नंबर दिलेला असतो. फोन दुपारी बाराला करू नका, तो शाळेत किंवा वावरात असेल. आधी मेसेज टाका, संध्याकाळी बोला.

‘छान आहे, आवडलं’ एवढ्याने त्याला काही मिळत नाही. कोणती गोष्ट आवडली, कोणतं माणूस डोळ्यापुढे राहिलं, कुठे वाचता वाचता पुस्तक खाली ठेवलं, हे पान क्रमांकासह सांगा. छपाईच्या चुकांवर वाचतानाच पेन्सिलीने खुणा केल्या असतील तर त्यांची यादी फोटो काढून पाठवा, पुढच्या आवृत्तीत त्या निघतील. कच्चं वाटलं ते गोड शब्दांत, पण सांगा. ‘सत्तराव्या पानानंतर लक्ष्मी काय करते ते कळलं नाही, तिचं पुढे काय झालं?’ असा प्रश्न विचारला की लेखक स्वतःच विचार करायला लागतो. आणि त्याने विचारलंच, की पुढचं हस्तलिखित छापायच्या आधी वाचून द्याल का, तर हो म्हणा, फक्त किती दिवसांत वाचून होईल ते आधीच सांगून ठेवा आणि खुणा पानावरच करा.